एकाच नावाचे दोन पूर्वज

एकाच घराण्यात एकाच नावाचे दोन पुरुष दोन-तीन पिढ्यांच्या अंतराने होऊन गेले, की वंशावळ मांडताना ते एकच समजले जाण्याचा धोका असतो. एकाची जमीन दुसऱ्याच्या नावे लागते, एकाची बायको दुसऱ्याची ठरते, मधल्या पिढ्या गळतात आणि दोघांपैकी एक जण कागदावरून कायमचा पुसला जातो. हा घोळ इतिहासाचा आहेच. पण ज्या समाजात पूर्वजाचे नाव उच्चारून त्याला पिंड दिला जातो, तिथे तो धर्माचाही प्रश्न होतो. नाव चुकले तर पिंड कोणाला पोचतो? दोघांना एक धरले तर ज्याची आठवणच झाली नाही त्याचे काय? आणि नाव म्हणजे माणूस नव्हे असे मानले, तर गेलेल्या माणसाची ओळख कशावर उभी असते?

परभणीहून गंगाखेडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे पोखर्णी हे नृसिंहाचे स्थान आहे. स्टेशनाचे नावही ‘पोखर्णी नृसिंह’ असेच आहे. नृसिंह ज्यांचे कुलदैवत, अशा घरांत नरहरी, नरसिंह, प्रल्हाद ही नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. त्यातच आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल. आजोबा हयात असताना त्यांचे नाव नातवाला ठेवायचे नाही, असा पुष्कळ घरांचा रिवाज. म्हणजे एक नरहरी गेला की दुसरा पाळण्यात येतो. मराठी नावात स्वतःच्या नावामागे वडिलांचे नाव लागते, त्यामुळे ही आलटापालट नीट चालू राहिली तर नरहरी प्रल्हादाचा मुलगा प्रल्हाद नरहरी आणि त्याचा मुलगा पुन्हा नरहरी प्रल्हाद. आजोबा आणि नातू यांचे नाव, बापाचे नाव, आडनाव आणि गाव अशी चारही अंगे सारखी होतात. अशा वेळी पूर्ण नाव जुळले म्हणून माणूस जुळला, असे म्हणता येत नाही.

घरातल्या बोलण्यामुळे गुंता आणखी वाढतो. सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, धाकट्यांनी थोरल्याला नावाने हाक मारायची नाही, म्हणून माणूस आयुष्यभर आबा, अण्णा, तात्या किंवा नाना म्हणूनच ओळखला जातो. घरच्या आठवणीत तात्या उरतात, कागदावर नरहरी उरतो, आणि कोणता तात्या म्हणजे कोणता नरहरी हे सांगणारे शेवटचे माणूस गेले की दोन्ही धागे सुटे होतात.

राजघराण्यांत हे उघड दिसते, कारण तिथे कागद भरपूर आहेत. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीला मारले गेले. महाराजांचे पुत्र संभाजी यांचा जन्म 1657 मध्ये पुरंदरावर झाला, आणि राजारामांचे एक पुत्र, पुढे कोल्हापूरच्या गादीवर आलेले, तेही संभाजीच. पेशव्यांत बाळाजी विश्वनाथांच्या नातवाचे नाव बाळाजी बाजीराव. वसई घेणारे चिमाजी आप्पा हे पहिल्या बाजीरावांचे भाऊ, तर 1796 मध्ये सवाई माधवरावांच्या विधवेला दत्तक देऊन काही काळ पेशवा केलेले चिमाजी आप्पा हे दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ. ही माणसे कोणी एक करत नाही, कारण प्रत्येकाभोवती तारखा, पत्रे आणि लढाया आहेत. साध्या कुळाला हा आधार नसतो.

एकाच घराण्यात नावे पुन्हापुन्हा येण्याचे एक जुने उदाहरण परभणीलाच सापडले आहे. शक 888, म्हणजे इ.स. 966 चा एक ताम्रपट तिथे मिळाला. वेमुलवाडच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या अरिकेसरीने ‘यशस्तिलक’कर्त्या सोमदेव सूरींना दिलेल्या दानाचा तो लेख असून त्यात दात्याच्या घराण्याची वंशावळ आहे. राष्ट्रकूटांच्या या मांडलिक घराण्यात इतिहासकार साधारण दहा राजे मोजतात. त्या दहांना मिळून नावे मात्र चारच: युद्धमल्ल तीन, अरिकेसरी तीन, नरसिंह दोन आणि बद्देग दोन. यांतला दुसरा नरसिंह राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या इंद्राच्या उत्तरेकडील मोहिमेत प्रतिहार महीपालाविरुद्ध लढला. कन्नड महाकवी पंपाने त्याचा पराक्रम आपल्या काव्यात नोंदवला, कारण पंपाचा आश्रयदाता दुसरा अरिकेसरी हा याच नरसिंहाचा मुलगा. पहिला नरसिंह त्याच्या कितीतरी आधीचा, आणि त्याच्याविषयी नावापलीकडे फार थोडे हाती लागते. दोघांना एक धरले तर मधले युद्धमल्ल आणि बद्देग नाहीसे होतात, आणि नरसिंहाचा मुलगा अरिकेसरी की अरिकेसरीचा मुलगा नरसिंह, याचे उत्तरच मिळत नाही. खरे म्हणजे दोन्ही विधाने बरोबर आहेत. पहिल्या अरिकेसरीचा मुलगा पहिला नरसिंह, आणि दुसऱ्या नरसिंहाचा मुलगा दुसरा अरिकेसरी. लेखात नावांना क्रमांक नसतात. ते नंतरच्या अभ्यासकांनी दिलेले असतात.

याहून जुनी अडचण गोदाकाठच्या सातवाहनांची. नाणेघाटच्या लेखातील नागनिकेचा पती सातकर्णी वेगळा आणि नहपानाचा पराभव करणारा गौतमीपुत्र सातकर्णी वेगळा. एवढ्या सातकर्णींतून वाट काढायला या घराण्याने आईचे कुलनाम पुढे लावण्याचा मार्ग धरला: गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. तरीही गुंता पूर्ण सुटला नाही, कारण पुढचा यज्ञ सातकर्णी हाही गौतमीपुत्रच. इ.स. 150 च्या जुनागढ शिलालेखात रुद्रदामन म्हणतो, की दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला दोनदा हरवूनही जवळच्या नात्यामुळे त्याने त्याचा उच्छेद केला नाही. हा सातकर्णी नेमका कोणता, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. नाव स्पष्ट कोरलेले आहे, वर्ष कळते, प्रसंग कळतो, नाते कळते. तरी माणूस निश्चित होत नाही.

गुरुशिष्यांच्या वंशाचीही तीच स्थिती. बृहदारण्यक उपनिषदात आचार्यांच्या परंपरेची जी यादी आहे तिच्या आरंभीच पौतिमाष्याला विद्या गौपवनाकडून मिळाली, त्या गौपवनाला पौतिमाष्याकडून आणि त्या पौतिमाष्याला पुन्हा गौपवनाकडून, असा क्रम येतो. घाईने वाचणाऱ्याला ती लेखनिकाची पुनरुक्ती वाटेल आणि तो दोन ओळी गाळून यादी ‘शुद्ध’ करील. पण परंपरेने त्या ओळी जशाच्या तशा जपल्या, कारण तिच्या लेखी ते चार वेगवेगळे आचार्य होते. त्याच उपनिषदाच्या शेवटी दुसरी यादी आहे. तिच्यात माणसे आईच्या नावाने सांगितली आहेत: पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र. पाणिनीनेही पिढी ओळखता यावी म्हणून शब्दरूपे वेगळी केली. गर्गाचा मुलगा गार्गि, नातू गार्ग्य, आणि घरातले वडीलधारे हयात असतील तर पणतू गार्ग्यायण. पिढी चुकू नये ही काळजी व्याकरणकारांनाही वाटत होती.

मराठी संतपरंपरेत नामदेवांच्या बाबतीत मात्र दोघे एक होण्याचा घोळ झालाच. जुन्या परभणी जिल्ह्यातील, आणि 1999 पासून हिंगोली जिल्ह्यात असलेल्या नरसीशी नामदेवांचे नाव जोडलेले आहे, आणि स्वतःला त्यांची दासी म्हणवणारी जनाबाई पोखर्णीच्या पुढच्या गंगाखेडची. तेराव्या-चौदाव्या शतकातील या नामदेवांच्या नावावर सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा या कवीची रचना मिसळली. विष्णुदास नाम्याने महाभारत मराठीत आणले. तो एकनाथांचा समकालीन. दोघांच्या रचनेत ‘नामा’ ही मुद्रा, म्हणून गाथा जमवताना दोघांमधले अंतर मिटले. यात नामदेवांचे काही बिघडले नाही, कारण त्यांचे मोठेपण अढळ आहे. झाकला गेला तो दुसरा. एका नावाखाली दोघे एक झाले की ज्याच्या आठवणी जास्त, त्याच्याकडे सगळे वळते आणि दुसरा उरत नाही.

आता मूळ धर्मप्रश्न. श्राद्धात पूर्वजाचा निर्देश नुसत्या नावाने होत नाही. गोत्र, नाव, रूप आणि नाते अशी चार अंगे एकत्र येतात: अमुक गोत्राचे, अमुक नावाचे, वसुरूप पिता, रुद्ररूप पितामह, आदित्यरूप प्रपितामह. मातेच्या बाजूच्या तीन पिढ्याही नावाने येतात. नरहरी वडील आणि नरहरी पणजोबा यांत नाव आणि गोत्र सारखे असले तरी नाते आणि रूप वेगळे असते. म्हणजे दोघांची गफलत होऊ शकते हे विधीच्या रचनेत आधीच धरलेले आहे, आणि त्यावरचा उपायही तिथेच आहे. वंशावळ मांडणाऱ्याने फक्त नाव धरून दोघांना एक करणे म्हणजे विधीने ठेवलेली तीन अंगे टाकून देणे.

तिसऱ्या पिढीनंतर काय होते हेही पाहण्यासारखे आहे. सपिंडीकरणात नुकत्याच गेलेल्या माणसाचा पिंड आधीच्या तिघांच्या पिंडात मिसळतात. तो पितरांच्या पंक्तीत बसतो आणि सर्वांत जुना प्रपितामह त्या पंक्तीतून पुढे सरकतो. चौथ्या ते सहाव्या पिढीपर्यंतचे पूर्वज लेपभाज, म्हणजे पिंड देताना हाताला लागून राहिलेल्या अन्नाचे धनी. त्यापलीकडे माणूस पितरांच्या समुदायात विलीन होतो. नाव तीन पिढ्या टिकते, नंतर गणना टिकते, शेवटी तीही मावळते. पण गणना चुकली की पुष्कळ काही चुकते. सपिंड नाते सात पिढ्यांचे. त्यावरून दहा दिवसांचे सुतक की तीन दिवसांचे, हे ठरत आले. आजही 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात बापाकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांपर्यंतचे सपिंड नाते विवाहाला आडवे येते. दोन नरहरी एक केले की वंशावळ दोन पिढ्यांनी आखूड होते आणि लांबचा भाऊबंद कागदावर जवळचा ठरतो.

नाव चुकले तर पिंड कोणाला पोचतो, यावर परंपरेत एकच उत्तर नाही. मत्स्यपुराण नाम आणि गोत्र यांनाच अन्न पोचवणारी साधने मानते, आणि पूर्वज देव झाला असेल तर ते अन्न अमृत होते, पशू झाला असेल तर गवत होते, असेही सांगते. त्याच विचाराला धरून पुराणकार म्हणतात, की कळपात हरवलेली आपली गाय वासरू जसे शोधून काढते तसा मंत्र त्या जीवाला शोधतो. मनू आणि याज्ञवल्क्य यांनी वसू, रुद्र आणि आदित्य या श्राद्धदेवता मध्यस्थ ठेवल्या. त्या तृप्त झाल्या की त्या मनुष्यांच्या पितरांना तृप्त करतात. मीमांसकांचे वळण वेगळे. त्यांच्या मते यज्ञातील देवता ही मुख्यतः विधीत सांगितलेला शब्द आहे. अग्नी म्हणायचा तिथे त्याच अर्थाचा दुसरा शब्द चालत नाही. ही दृष्टी पितरांना लावली तर योग्य शब्द योग्य जागी उच्चारणे हेच कर्म, आणि चुकीचे नाव म्हणजे कर्मातली उणीव. चार्वाकांचा आक्षेप याच्या पलीकडचा: इथे दिलेले अन्न गेलेल्याला पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी बांधून देण्याचे कारणच उरत नाही. हा आक्षेप जोरकस आहे. पण ज्यांनी श्राद्ध टिकवले त्यांच्यासाठी त्यात अन्नाच्या वाहतुकीइतकेच महत्त्व ऋणाच्या उच्चाराला आहे, आणि ऋण कोणाचे हे ठाऊक नसताना ते फेडल्याचे म्हणता येत नाही.

‘आजोबाच परत आले’ असे नातवाकडे पाहून म्हणण्याची रीत घरोघर आहे. प्रेमाचे बोलणे म्हणून ते खरे आहे. सिद्धांत म्हणून टिकत नाही. नातू आणि आजोबा एकच असतील, तर नातवाने दिलेला पिंड त्याने स्वतःलाच दिला असे होईल आणि श्राद्धाचा सगळा अर्थ कोसळेल. ऐतरेय उपनिषदात पुत्र हा पित्याचा पुण्यकर्मांसाठी ठेवलेला प्रतिनिधी मानला आहे. पण तिथेच पुढे सांगितले आहे, की पित्याचा दुसरा आत्मा आपले कार्य संपवून जातो आणि इथून गेल्यावर पुन्हा जन्म घेतो. मागे राहणारा आणि निघून जाणारा यांना उपनिषद वेगळे ठेवते. पतंजलींनी महाभाष्यात ‘डित्थ’सारखे शब्द यदृच्छाशब्द म्हटले: कोणी तरी स्वेच्छेने ठेवलेले, ज्यामागे जाती, गुण वा क्रिया असे काही नसते असे. दोन गायींत गोत्व समान असते. दोन डित्थांत डित्थ या उच्चाराखेरीज समान काही नसते. नरहरी हे नाव दोघांना देवाशी जोडते. एकमेकांशी ते त्यांना एक करत नाही.

आणि तरीही नावे हरवतात, कागद जळतात, पुरात जातात. शास्त्राने ही शक्यता मनावर घेतली, ही या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट. पूर्वजांची नावे माहीत नसतील तर पृथ्वीवर, अंतरिक्षात आणि द्युलोकात राहणारे पितर अशा शब्दांनी तिघांना पिंड द्यावा, अशी सोय सूत्रग्रंथांत आहे. गोत्र माहीत नसेल तर काश्यप गोत्र म्हणावे. मृत्यूची तिथी माहीत नसेल तर भाद्रपदातील सर्वपित्री अमावास्या. गयेला तर ज्ञात आणि अज्ञात अशा सर्वांसाठी पिंड आहेत. नाव, गोत्र, तिथी या तिन्हींच्या अज्ञानाला शास्त्राने प्रामाणिक जागा दिली. यावरून निर्णय स्पष्ट होतो. माहीत नाही असे म्हणणे दोष नाही. दोन माणसांची तोडमोड करून एक पूर्ण माणूस उभा करणे आणि त्याला पिंड देणे हा मात्र दोष आहे, कारण त्याने दोघांवरही अन्याय होतो आणि खऱ्या अज्ञानासाठी ठेवलेली वाट बंद होते.

एकनाथांच्या चरित्रात पैठणची एक कथा परंपरेने सांगितली जाते. श्राद्धाचा स्वयंपाक त्यांनी दाराशी आलेल्या भुकेल्या अंत्यजांना वाढला. ब्राह्मणांनी बहिष्कार घातला, तेव्हा पितर स्वतः येऊन पानावर बसले. भक्तीच्या दृष्टीने ही कथा सांगते की पितर उपचारांचे अंकित नाहीत. पण त्या कथेतही जे आले ते एकनाथांचेच पितर होते. श्रद्धा असली की कोणाचा पूर्वज कोणता याने काही बिघडत नाही, असा अर्थ तिच्यातून काढता येत नाही.

दोघांना वेगळे करण्याची साधने साधी आहेत, आणि त्यांपैकी पहिले घरातच असते: तिथी. पितृपक्षात एका घरात पंचमीला एका नरहरीचा आणि दुसऱ्या शाखेत द्वादशीला दुसऱ्या नरहरीचा पक्ष होत असेल, तर माणसे दोन आहेत. दुसरे साधन काळाचा हिशेब. एका पिढीचे अंतर पंचवीस-तीस वर्षांचे धरले आणि एकाच नावाची पहिली व शेवटची नोंद नव्वद वर्षांच्या अंतराने आली, तर ती एका माणसाची असण्याची शक्यता फार कमी. तिसरे साधन भावंडे. मोडी कागदांत ‘बिन’ आणि निजामी दफ्तरात ‘वलद’ या शब्दाने बापाचे नाव येते, पण आलटापालट चालणाऱ्या घरात ते दोन्ही नरहरींना लागू पडते. तिथे भावांची यादी मिळेपर्यंत निर्णय करू नये. त्र्यंबकेश्वर, पैठण, पंढरपूर, काशी इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या याबाबत सर्वांत उपयोगी ठरतात, कारण यात्रेकरू तिथे गाव, बाप, आजा, भाऊ आणि मुले एकत्र लिहून देत असे. वेगळी बायको हा पुरावा दुबळा, कारण दोन लग्ने होत आणि लग्नात नावही बदलत असे. दत्तकाचे तर उलट होते: तिथे एकच माणूस दोन घरांत दोन बापांच्या नावाने आढळतो.

परभणी जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने इथल्या जुन्या महसुली कागदांवर फसली सन असतो. त्यात 590 मिळवले की इसवी सन साधारण मिळतो. हा फरक विसरल्याने एका माणसाची दोन माणसे झाल्याची आणि दोघांचा एक झाल्याचीही उदाहरणे होऊ शकतात. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत, म्हणून नाव वाचतानाच पाय घसरतो. कुणबी नोंदी शोधण्यासाठी 2023 मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामानंतर मराठवाड्यात हे कागद पुन्हा उघडले गेले. वंशावळ जोडण्याला आज दाखल्याची आणि आरक्षणाची निकड आहे. अशा घाईत नाव जुळले की माणूस जुळला असे धरण्याचा मोह मोठा असतो, म्हणून या घडीला काळजी अधिक हवी.

वंशावळ लिहिताना दोन्ही नरहरींना थोरला आणि धाकटा असे क्रम द्यावेत, प्रत्येकाजवळ तिथी आणि नोंदीचे साल लिहावे, न जुळलेला धागा तुटकच ठेवावा. शक्य तिथे आईचे नाव लिहावे. सातवाहनांनी आणि उपनिषदातल्या यादीने तोच मार्ग घेतला होता. महाराष्ट्रात 1 मे 2024 रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे सरकारी कागदांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिण्याचा नियम झाला आहे. नरहरी आणि प्रल्हाद यांची आलटापालट पुढे चालू राहिली, तरी या पिढीपासून आजोबा आणि नातू यांची पूर्ण नावे सहसा सारखी येणार नाहीत.